नोडमधल्या फाइल-वॉचरची टेस्ट कधी हिरवी, कधी लाल का होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणाऱ्या प्रणालीवर, चालणारी एक सर्व्हिस आहे आणि तिची सेटिंग्ज एका जेसन फाइलमध्ये आहेत. फाइल बदलली की सर्व्हिस बंद न करता नवी सेटिंग्ज उचलायची, म्हणून 'एफएस.वॉच' हे फाइलवर नजर ठेवणारं नोडचं फंक्शन लावलं आहे. टेस्ट अशी: वॉचर सुरू करायचा, फाइल लिहायची, १०० मिलिसेकंद थांबायचं आणि कॉलबॅक (बदल झाल्यावर नोड बोलावतं ते आपलं फंक्शन) बरोबर एकदा आला का ते बघायचं. लॅपटॉपवर टेस्ट नेहमी हिरवी, सीआयवर, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर, पाचांतून एकदा लाल. थांबायचा वेळ ५०० केला, तरी लाल येतेच. आता तर कधी कधी कॉलबॅक दोनदा आला म्हणून फेल होते. काय करावं? चोकिडार ही फाइलवर नजर ठेवणारी तयार लायब्ररी वापरावी का?

पहिलं सांगतो: वेळ अजून वाढवू नका. आणि 'एकदाच आला पाहिजे' ही अट आजच काढून टाका. किती वेळा हाक मारायची हे तुमचा कोड ठरवत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. तुमच्या कोडने दिलेला शब्द वेगळा आहे. फाइलमध्ये जे शेवटी लिहिलं गेलं, ते थोड्या वेळात सर्व्हिसमध्ये लागू झालेलं असेल, हा तो शब्द. टेस्ट त्याची घ्यायची. बाकीचं सगळं उत्तर यातूनच निघतं, पण ते का, हे समजायला आत काय चालतं ते बघावं लागेल.

लिनक्सवर 'एफएस.वॉच'च्या खाली आयनोटिफाय ही फाइलमधले बदल कळवणारी कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) सोय आहे. ही सोय कर्नलच्या २.६.१३ या आवृत्तीत, २००५ मध्ये आली. मॅकवर फोल्डरसाठी एफएसइव्हेंट्स आणि सुट्या फाइलसाठी केक्यू वापरलं जातं. विंडोजची स्वतःची तिसरीच यंत्रणा आहे. नोड या सगळ्यांवर लिबयूव्ही या आपल्या आतल्या लायब्ररीचा एक पातळ थर चढवतं आणि तुमच्या हातात फक्त दोन शब्द देतं: 'चेंज' आणि 'रिनेम'. तीन वेगळ्या भाषांमधलं बोलणं दोन शब्दांत बसवायचं म्हटल्यावर अर्थ सांडणारच. लिनक्सवर नवी फाइल तयार झाली तरी 'रिनेम', पुसली तरी 'रिनेम', नाव बदललं तरी 'रिनेम'. नुसत्या परवानग्या बदलल्या आणि आतला मजकूर तसाच राहिला, तरी 'चेंज'. म्हणून इव्हेंटच्या नावावर निर्णय घेणारा कोड दिसला की मी तो लगेच बदलायला सांगतो. इव्हेंट म्हणजे दारावरची टकटक. कोण आलंय हे दार उघडल्यावरच कळतं.

आता 'दोनदा का आला' ते. 'राइटफाइल' एका झटक्यात फाइल लिहीत नाही. आधी ती फाइल उघडताना रिकामी करतं, मग मजकूर ओततं. कर्नलच्या दृष्टीने हे दोन बदल आहेत, म्हणून दोन इव्हेंट. पण पहिला इव्हेंट रांगेतून कुणी वाचायच्या आत तसाच दुसरा आला, तर आयनोटिफाय दोन्हींचा एक करून टाकतं. तुमच्या लॅपटॉपवर लिहिणं इतकं पटकन उरकतं की दोन्ही एकत्र होतात. सीआयच्या मशीनवर चार कामं एकाच वेळी चालू असतात, मधे जरा उसंत मिळते आणि दोन्ही सुटे सुटे पोचतात. म्हणजे तुमची टेस्ट तुमच्या कोडबद्दल काहीच सांगत नव्हती. मशीनवर किती गर्दी आहे एवढंच ती मोजत होती.

यातली खरी भीती दोनदा येण्याची नाही. त्या दोन इव्हेंटच्या मधे फाइल रिकामी असते. पहिल्या हाकेला धावत जाऊन फाइल वाचली, तर हातात रिकामी स्ट्रिंग येते आणि जेसन पार्स करताना एरर येते. ती एरर कुणी पकडली नसेल तर चालती सर्व्हिस कोसळते. आयनोटिफायकडे 'लिहिणाऱ्याने फाइल बंद केली' असा वेगळा इव्हेंट आहे, पण लिबयूव्ही तो मागतच नाही. त्यामुळे लिहून पुरं झालं की नाही हे नोडला इव्हेंटवरून कधीच कळत नाही. ही उणीव तुमच्याच कोडला भरून काढावी लागते, आणि टेस्टही मुख्यतः तिचीच हवी.

म्हणून माझी पद्धत अशी: कोडचे दोन भाग करायचे. एक भाग फक्त ऐकतो. तो 'एफएस.वॉच' लावतो आणि काही हाललं की पुढे 'काहीतरी हाललं' एवढंच कळवतो. हा भाग दहा-पंधरा ओळींचा असावा, त्यात एकही निर्णय नसावा. दुसरा भाग विचार करतो: थोडं थांबायचं, फाइल वाचायची, मजकूर बरोबर आहे का बघायचं, बरोबर असेल तर लागू करायचा, नसेल तर जुनाच ठेवायचा. या दुसऱ्या भागाला वॉचर, फाइल वाचणारं फंक्शन आणि टायमर हे तिन्ही बाहेरून द्यायचे. मग त्याच्या टेस्टमध्ये डिस्कला हातही लावावा लागत नाही. वॉचरच्या जागी एक साधा इव्हेंट-एमिटर, वाचणाऱ्या फंक्शनच्या जागी तुम्ही ठरवाल ते उत्तर देणारं खोटं फंक्शन, आणि टायमरसाठी नोडच्या स्वतःच्या टेस्ट-रनरमधले किंवा सायनॉन या लायब्ररीचे नकली टायमर. या टेस्ट काही मिलिसेकंदांत संपतात आणि हजारदा चालवल्या तरी हजारदा तेच उत्तर देतात.

या भागावर वेळ घालवा, कारण खरे बग इथेच असतात. मी ज्या टेस्ट नेहमी लिहितो त्या सांगतो.

पहिली, तुमच्या प्रश्नातलीच: ५० मिलिसेकंदांच्या आत तीन इव्हेंट आले तर वाचन एकदाच व्हावं. इथे 'एकदाच' म्हणायला हरकत नाही, कारण इथे हाका मारणारे तुम्ही आहात आणि वाचन तुमचा कोड करतो. तिची जोडीदार टेस्ट लोक विसरतात. इव्हेंट थांबेचनात तर? हाक आली की पुन्हा ८० मिलिसेकंद थांबायचं, असं नुसतं लिहिलं आणि समोरून दर ५० मिलिसेकंदांनी कुणी फाइल लिहीत राहिलं, तर वाचनाची वेळ कधी येतच नाही. लॉगसारख्या फाइलवर हे हमखास घडतं. म्हणून 'काही झालं तरी अमुक वेळानंतर वाचायचंच' अशी वरची मर्यादा हवी. नकली टायमरमुळे अशी दोन सेकंदांची सलग वर्दळ टेस्टमध्ये क्षणात घडवून आणता येते.

दुसरी: वाचलं तर रिकामं आलं, किंवा अर्धवट जेसन आलं. जुनी सेटिंग्ज तशीच राहिली पाहिजेत, सर्व्हिस चालू राहिली पाहिजे, आणि नंतर पूर्ण मजकूर आल्यावर तो लागू झाला पाहिजे. शेवटचा भाग महत्त्वाचा. 'एरर आली की गिळून टाका' एवढंच लिहिलेला कोड पहिल्या दोन अटी पाळतो आणि तिसरीला फसतो, कारण अर्धवट वाचनानंतर दुसरा इव्हेंट आलाच नाही तर तो कायम जुन्या सेटिंग्जवर राहतो. एरर आल्यावर थोड्या वेळाने आपणहून पुन्हा वाचायला हवं.

तिसरी टेस्ट मला सगळ्यात जवळची, कारण तिने पकडलेला बग महिनोन्महिने दिसला नसता. इव्हेंट आला, वाचन सुरू झालं आणि ते रेंगाळलं. तेवढ्यात दुसरा इव्हेंट आला, दुसरं वाचन सुरू झालं आणि ते आधी संपलं. नवी सेटिंग्ज लागू झाली. मग पहिलं, जुनं वाचन संपलं आणि त्याने नव्यावर जुनं लादलं. आता फाइलमध्ये नवं, सर्व्हिसमध्ये जुनं, आणि पुन्हा कुणी फाइलला हात लावेपर्यंत हे असंच राहणार. टेस्टमध्ये हे घडवणं अगदी सोपं आहे. खोट्या वाचन-फंक्शनने दोन प्रॉमिस द्यायची, दुसरं आधी पुरं करायचं, मग पहिलं, आणि शेवटी कुठली सेटिंग्ज लागू आहेत ते बघायचं. खऱ्या फाइलवर हा क्रम मुद्दाम जुळवून आणणं जवळजवळ अशक्य आहे. उपाय दोन आहेत: प्रत्येक वाचनाला क्रमांक द्यायचा आणि जुन्या क्रमांकाचं उत्तर टाकून द्यायचं, किंवा एका वेळी एकच वाचन चालू ठेवून मधे आलेल्या हाकेची नोंद घ्यायची आणि ते संपल्यावर पुन्हा वाचायचं. मी दुसरा वापरतो, त्यात डिस्कवर कमी ताण येतो.

चौथी सुरुवातीच्या क्षणाबद्दल. बहुतेक जण आधी फाइल वाचतात, मग वॉचर लावतात. या दोहोंच्या मधे फाइल बदलली तर तो बदल कायमचा हुकला. क्रम उलटा हवा: आधी वॉचर, मग पहिलं वाचन. टेस्टमध्ये पहिलं वाचन चालू असतानाच खोट्या वॉचरमधून इव्हेंट सोडायचा आणि शेवटी नवा मजकूर लागू झाला का ते तपासायचं.

बाकीच्या लहान आहेत, भराभर सांगतो. फाइलचं नाव 'नल' आलं तर कोड पडू नये, कारण ते नेहमी मिळेलच अशी हमी नोड देत नाही. वॉचरने 'एरर' इव्हेंट सोडला तर तो ऐकणारं कुणीतरी असावं. बंद केल्यानंतर उशिरा आलेल्या इव्हेंटने काहीही घडू नये, थांबलेला टायमरही रद्द झालेला असावा.

एक धोका मात्र आहे. खोटा वॉचर तुम्ही शिकवाल तेवढंच बोलतो. 'फाइल बदलली की एक चेंज येतो' हा तुमचा समज असेल, तर तुमचा नकली वॉचरही तेच बोलेल आणि सगळ्या टेस्ट खोट्या समाधानात पास होतील. म्हणून नकली वॉचरला काय बोलायला लावायचं हे मनाने ठरवू नका. वीस ओळींची एक छोटी स्क्रिप्ट लिहा, तिला खऱ्या फोल्डरवर सोडा आणि येईल तो प्रत्येक इव्हेंट वेळेसकट छापा. मग फाइल वेगवेगळ्या तऱ्हेने बदला: नोडमधून, शेलमधून, विममधून, व्हीएस कोडमधून, तुमची डिप्लॉयमेंटची स्क्रिप्ट ज्या रीतीने बदलते त्या रीतीने. लिनक्स आणि मॅक दोन्हींवर, शक्य असेल तर विंडोजवरही. हे पहिल्यांदा करून बघणाऱ्याला ज्या गोष्टी दिसतात, त्या कागदपत्रांत वाचून कळत नाहीत. विममध्ये सेव्ह केल्यावर यादीत '४९१३' नावाची एक फाइल दिसू शकते. फोल्डरमध्ये लिहिता येतं का हे बघायला विम ती तयार करतं आणि लगेच पुसतं. या नोंदी टेस्टच्या डेटामध्ये ठेवा आणि नकली वॉचरला त्याच वाजवायला लावा.

विमचं नाव निघालंच आहे तर आयनोडच्या सापळ्याबद्दल बोलू. सुट्या फाइलवर वॉचर लावला की लिनक्सवर तो नावावर बसत नाही, आयनोडवर, म्हणजे नावामागच्या खऱ्या फाइलच्या अंतर्गत नोंदीवर, बसतो. विमसारखे एडिटर आणि नीट लिहिलेली डिप्लॉयमेंट स्क्रिप्ट, दोन्ही बऱ्याचदा फाइल जागच्या जागी लिहीत नाहीत. नवा मजकूर एका नव्या फाइलमध्ये जातो आणि ती मूळ नावावर येऊन बसते. नाव तेच, आयनोड नवा. तुमचा वॉचर मात्र जुन्या आयनोडपाशीच. पहिला बदल 'रिनेम' म्हणून कळतो आणि पुढचा एकही कळत नाही. तुमच्या टेस्टमध्ये फाइल एकदाच बदलली जाते, म्हणून हा बग तिला कधीच सापडणार नाही. माझा नियम आहे की खऱ्या फाइलवरच्या टेस्टमध्ये बदल किमान दोनदा करायचा, आणि त्यातला पहिला रिनेमच्या वाटेने. उपाय सोपा आहे: फाइलवर वॉचर लावायचाच नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर लावायचा आणि नाव गाळून घ्यायचं. आणि लिहिणारी बाजूही तुमच्याच हातात असेल, तर तिलाही तात्पुरत्या नावाने लिहून मग रिनेम करायला लावा. त्याच फाइल-सिस्टिमवर रिनेम एकसंध होतं, वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनं दिसतं किंवा पूर्ण नवं. वर सांगितलेली रिकाम्या फाइलची भीती मग उरत नाही.

आता खऱ्या फाइलवरच्या टेस्ट. त्या हव्यातच, पण पाच-सहाच हव्यात. पन्नास लिहिल्या तर त्यांतली कुठलीतरी रोज लाल होईल आणि टीमला लाल रंगाची सवय लागेल. ते झालं की टेस्ट असून नसल्यासारख्या.

प्रत्येक टेस्टला 'एमकेडीटेम्प'ने स्वतःचं ताजं फोल्डर द्या. मॅकवर तात्पुरत्या फोल्डरचा रस्ता सिमलिंकमधून (दुसऱ्या रस्त्याकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यातून) जातो, 'व्हार' खरं तर 'प्रायव्हेट' फोल्डरच्या आत असतं. रस्त्यांची तुलना करणारी टेस्ट तिथे विनाकारण फेल होते, म्हणून फोल्डर तयार झाल्या झाल्या 'रिअलपाथ' घेऊन ठेवा.

थांबायचं कसं? ठरावीक वेळ झोपायचं नाही, अट पुरी होईपर्यंत थांबायचं. दर २० मिलिसेकंदांनी विचारायचं, 'नवी सेटिंग्ज लागू झाली का?' झाली की लगेच पुढे जायचं. वरची मर्यादा खुशाल १० सेकंद ठेवा. रोजच्या धावेत ती टेस्ट शंभर मिलिसेकंदांत संपेल, आणि सीआय दमलेलं असेल त्या दिवशीही ती खोटं बोलणार नाही. तुमच्या १०० आणि ५०० मिलिसेकंदांच्या झोपेत हाच दोष होता: मशीन मोकळं असताना ती वाया जात होती आणि मशीन अडकलेलं असताना पुरत नव्हती.

मॅकवर अजून एक अडचण आहे. 'एफएस.वॉच' परत आलं म्हणजे ऐकणं सुरू झालंच असं नाही. एफएसइव्हेंट्सची जुळणी वेगळ्या थ्रेडवर होते, आणि त्या फटीत केलेला बदल हुकू शकतो. उलटही घडतं, वॉचर लावण्याच्या किंचित आधी केलेल्या बदलाचा इव्हेंट नंतर येतो. नोडच्या स्वतःच्या टेस्टमध्ये मॅकसाठी यावर एक साधा तोडगा आहे: पहिला इव्हेंट येईपर्यंत फाइल ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा लिहीत राहायचं. मीही तेच करतो, फक्त दर वेळी मजकूर वेगळा लिहितो, एक वाढता आकडा. कुठल्या लिखाणाचा परिणाम दिसला हे मग नेमकं कळतं. नोडच्या टेस्ट-फोल्डरमधल्या 'कॉमन' या फोल्डरातली मदतनीस फाइल एकदा वाचाच. 'मस्टकॉल' हे फंक्शन प्रोसेस संपताना कॉलबॅक खरंच आला होता का ते तपासतं आणि 'प्लॅटफॉर्मटाइमआउट' मंद मशीनवर मर्यादा आपोआप वाढवतं. ज्यांनी हे वॉचर घडवले त्यांनाही त्यांची टेस्ट घेताना अशी काळजी घ्यावी लागते.

'एफएस.प्रॉमिसेस.वॉच' वापरत असाल तर हे लक्षात ठेवा: ते असिंक जनरेटर आहे. नुसतं बोलावल्याने काहीच सुरू होत नाही, 'फॉर अवेट' पहिल्यांदा पुढचं मागतं तेव्हा वॉचर लागतो. टेस्टमध्ये 'वॉच बोलाव, फाइल लिही, मग लूप सुरू कर' असा क्रम लिहिला तर फाइल आधी बदलते आणि लूप न येणाऱ्या इव्हेंटची वाट बघत बसतो. आधी 'नेक्स्ट' मागून त्याचं प्रॉमिस हातात ठेवायचं, मग लिहायचं, मग त्या प्रॉमिसची वाट बघायची.

'अमुक फाइल बदलली तर काहीही होऊ नये' ही टेस्ट कशी लिहायची, हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या आठवड्यात विचाराल. काही घडलं नाही हे सिद्ध करायला किती थांबायचं? अर्धा सेकंद थांबणारी टेस्ट हळूही असते आणि आंधळीही, कारण उशिरा आलेला इव्हेंट तिच्या पदरात पडतच नाही. त्याऐवजी आधी दुर्लक्ष करायची फाइल लिहा, मग त्याच फोल्डरमधली लक्ष ठेवायची फाइल लिहा, आणि दुसरीचा परिणाम दिसेपर्यंत थांबा. आयनोटिफायची रांग क्रमाने चालते. मागची पोचली म्हणजे पुढची येऊन गेली. त्या वेळी पहिल्या फाइलची कुठेही नोंद नसेल, तर गाळणी काम करते आहे. या एका युक्तीने माझ्या टेस्टमधली बहुतेक झोप निघून गेली.

'वॉचफाइल' हा निराळा प्राणी आहे. ते इव्हेंट ऐकत नाही, ठरावीक अंतराने फाइलचा 'स्टॅट' (आकार, वेळ वगैरे माहिती) काढून आधीच्याशी ताडून बघतं. न सांगितल्यास अंतर ५००७ मिलिसेकंद असतं. म्हणजे अंतर न देता लिहिलेली टेस्ट पाच सेकंद नुसती बसून राहील, म्हणून टेस्टमध्ये ते २० ते ५० वर आणा. इथे नकली टायमर चालत नाहीत, हे मला अनेकांना समजावून सांगावं लागलं आहे. ही मोजणी जावास्क्रिप्टच्या टायमरवर चालत नाही, लिबयूव्हीच्या आत चालते. नकली घड्याळ कितीही पुढे ढकललं तरी तिला पत्ता लागत नाही. शिवाय एकाच फाइलवर दोन ठिकाणांहून 'वॉचफाइल' लावलं तर आत वॉचर एकच असतो आणि अंतर पहिल्याचं चालतं. आधीच्या टेस्टने ५००७ वर लावलेला वॉचर काढायचा राहिला, तर तुमच्या टेस्टने मागितलेले २० मिलिसेकंद कुणी ऐकतच नाही. तसंच 'अनवॉचफाइल'ला लिसनर न देता बोलावलं की त्या फाइलवरचे सगळ्यांचेच लिसनर जातात. टेस्ट सुट्या चालवल्या की पास आणि एकत्र चालवल्या की फेल, असं दिसलं तर आधी इथे बघा.

मजकूर तसाच राहून नुसत्या परवानग्या बदलल्या तरी 'वॉचफाइल' हाक मारू शकतं, म्हणून आधीचा आणि आताचा बदलवेळ ताडून बघावाच लागतो. आणि त्या बदलवेळेलाही बारकाव्याची मर्यादा आहे. जुन्या एचएफएस प्लसवर तो एका सेकंदापर्यंतच नेमका, फॅटवर दोन सेकंदांपर्यंत. ईएक्सटी४ वर नॅनोसेकंदांची जागा आहे, पण बहुतेक कर्नल तिथे घड्याळाच्या टिकटिकीनुसारच, म्हणजे काही मिलिसेकंदांच्या टप्प्याने, वेळ लिहितात. लागोपाठ दोनदा, त्याच लांबीचा मजकूर लिहिणारी टेस्ट यात सापडते. मजकुराची लांबी बदला किंवा 'यूटाइम्स'ने बदलवेळ स्वतः पुढे ढकला.

हळू असूनही 'वॉचफाइल' लागतंच, ते का, हे मी अनुभवातून शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे दरपत्रकाची एक फाइल होती. ती दुसरं मशीन लिहायचं, आमची सर्व्हिस एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवर वाटून घेतलेल्या डिस्कवरून, वाचायची. सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि प्रत्यक्षात दर बदलायचेच नाहीत. दोन दिवस आम्ही पार्सिंगमध्ये चूक शोधत होतो. कारण असं की आयनोटिफाय फक्त आपल्या कर्नलमधून झालेले बदल बघतं. दुसऱ्या मशीनने सर्व्हरवर जाऊन फाइल बदलली तर आपल्या कर्नलला ती बातमीच नसते. टेस्टमध्ये लिहिणारे आणि ऐकणारे आम्हीच, एकाच मशीनवर, म्हणून तिथे सगळं सुरळीत. चुकीचे दर लागलेली बिलं ग्राहकांना गेली आणि ती एकेक करून दुरुस्त करावी लागली. डब्ल्यूएसएल-२ मधून, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समधून, विंडोजच्या ड्राइव्हवरची फाइल बघताना हीच अडचण येते. तेव्हापासून मी ऐकणाऱ्या भागात दोन्ही ठेवतो: 'एफएस.वॉच' लगेच कळावं म्हणून, आणि त्याच्या पाठीशी ३० सेकंदांनी एकदा साधी तपासणी. मग एक टेस्ट अशी लिहितो की खोट्या वॉचरमधून एकही इव्हेंट सोडायचा नाही, फक्त वाचन-फंक्शनचं उत्तर बदलायचं आणि नकली घड्याळ ३० सेकंद पुढे न्यायचं. पाठीशी असलेली ही तपासणी साध्या 'सेटइंटरव्हल'वर लिहा, म्हणजे ती नकली टायमरच्या ताब्यात राहते.

सीआयवर अजून एक गोष्ट बघा. प्रत्येक वापरकर्त्याला किती वॉच लावता येतील याला कर्नलची मर्यादा असते. ५.११ च्या आधीच्या कर्नलमध्ये ती न बदलल्यास ८१९२ होती, नंतर ती मेमरी बघून ठरू लागली. लिनक्सवर अख्ख्या फोल्डरखालचं सगळं बघण्याची सोय नोडमध्ये १९.१ या आवृत्तीपासून आली, आणि ती खालचे फोल्डर एकेक करून फिरूनच केलेली आहे. चुकून 'नोड-मॉड्यूल्स' हे बाहेरून आणलेल्या पॅकेजेसचं फोल्डर त्यात आलं की हजारो वॉच लागतात. मर्यादा संपली की येणारी एरर 'ईएनओएसपीसी' असते. तिचा एरवीचा अर्थ डिस्क भरली असा, त्यामुळे लोक डिस्क साफ करत बसतात. आयनोटिफायच्या इन्स्टन्सची मर्यादा वेगळी, बहुतेक ठिकाणी १२८, आणि वॉचर लावणारी नोडची प्रत्येक प्रोसेस त्यातली किमान एक घेते. एकाच वापरकर्त्याखाली अनेक बिल्ड समांतर चालत असतील तर ती संपू शकते. वॉचरच्या टेस्ट एका गटात ठेवून एकामागून एक चालवल्या की हा त्रास बराच कमी होतो.

टेस्ट संपली तरी प्रोसेस थांबत नसेल, तर वॉचर उघडा राहिला आहे. तो मुळातच प्रोसेसला जागं ठेवतो. वॉचर लावल्याच्या पुढच्याच ओळीत 'आफ्टर'मध्ये त्याचं 'क्लोज' नोंदवा, म्हणजे मधे असर्शन फेल झालं तरी ते चालेल. आधी वॉचर बंद, मग फोल्डर पुसायचं. उलट केलं तर विंडोजवर 'ईपर्म' एरर येते. जेस्ट या टेस्ट-रनरचं, प्रोसेस जबरदस्तीने थांबवणारं 'फोर्सएक्झिट' लावून हे झाकू नका. टेस्टमध्ये बंद न होणारा वॉचर तुमच्या सर्व्हिसमध्येही बंद होत नसण्याची शक्यता मोठी आहे.

चोकिडार वापरावं का, असंही तुमच्या प्रश्नात ओझरतं आहे. वापरा. रिनेमने केलेलं सेव्ह आणि लिहून पुरं होण्याची वाट बघणं, हे दोन्ही त्यात केलेलं आहे. त्याच्या 'रेडी' इव्हेंटमुळे टेस्टमध्ये कधी लिहायला सुरुवात करायची हेही नेमकं कळतं. फक्त 'अवेटराइटफिनिश' नुसतं चालू केलं तर ते फाइल दोन सेकंद शांत राहण्याची वाट बघतं, म्हणून टेस्टमध्ये तो आकडा कमी करा. विचार करणारा भाग वेगळा काढलेला असेल, तर खालचा वॉचर बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि वरच्या टेस्टना हात लावावा लागत नाही.

दुरुस्ती झाल्यावर ती खरी आहे का हे बघायला टेस्ट एकदा चालवून हिरवी दिसणं पुरत नाही. सगळे कोर व्यस्त राहतील असं काहीतरी जड काम एका टर्मिनलमध्ये सुरू करा आणि दुसऱ्यात खऱ्या फाइलवरच्या त्या पाच-सहा टेस्ट लूपमध्ये २०० वेळा चालवा. एकदाही लाल झाली तर कुठल्या वेळेला कुठला इव्हेंट आला याची नोंद छापून ठेवा, आणि तोच क्रम नकली वॉचरच्या टेस्टमध्ये आणा. त्यानंतरच सीआयवर पाठवा.